रॉची वही: चढ, उतार आणि प्रत्येक मताच्या दोन तारखा

७ जानेवारी २०२५, मंगळवार

आज वही उघडली. सोमवारी रात्री तिकडे अमेरिकेत, इंगलवूडच्या इंट्युइट डोममध्ये 'मंडे नाईट रॉ'चा, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूई कंपनीच्या दर आठवड्याच्या कुस्तीच्या कार्यक्रमाचा, नेटफ्लिक्सवरचा पहिला भाग झाला. ११ जानेवारी १९९३ ला न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन सेंटरमध्ये सुरू झालेला हा कार्यक्रम अमेरिकेत पहिल्यांदाच नेहमीच्या टीव्ही वाहिन्यांवरून उठला. बत्तीस वर्षांची एक बाजू संपली, म्हणजे हिशेब मांडायला ही वेळ बरी.

काम असं: जुन्या-नव्या चाहत्यांना विचारायचं की रॉचा तुमच्या मनातला सर्वांत उंच क्षण कुठला, सर्वांत खोल कुठला, आणि का. उत्तरं तारीखवार लावायची. शेवटी दादा त्यांचा एक मोठा आलेख काढणार आहे, भिंतीवर लावण्याजोगा.

निकाल आधी ठरलेला असतो, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्याकडे ठरवून लढलेल्या कुस्तीला नुरा कुस्ती म्हणतात, आणि तो शब्द शिवीसारखाच येतो. इथे मात्र प्रेक्षक हे कबूल करूनच बसलेला असतो: निकाल तुम्ही ठरवा, पण तो आम्हाला पटवून दाखवा. चाहत्यांचा राग आणि प्रेम दोन्ही त्या 'पटवण्या'भोवती फिरतं असा माझा अंदाज आहे. उत्तरं आली की कळेल.

आजच्या भागातली एक गोष्ट टिपून ठेवते. हल्क होगन बाहेर आला आणि सभागृहानं त्याची सणसणीत हुर्यो उडवली. ज्याच्या नावावर हा सगळा डोलारा ऐंशीच्या दशकात उभा राहिला, त्याला लोक बोलू देईनात. त्याची वांशिक शेरेबाजी २०१५ मध्ये उघड झाली होती, कंपनीनं त्याला तेव्हा बाहेरही काढलं होतं. लोक ते विसरलेले नाहीत. मावसभाऊ सोळा वर्षांचा आहे, त्यानं लगेच कळवलं, "हा माझा उंच क्षण लिही." मामा मात्र गप्प होते.

१२ जानेवारी

प्रश्नावली तयार झाली. रकाने: भागाची तारीख, प्रसंग, उंच की खोल, कारण, तेव्हाचं वय, थेट पाहिलं की नंतर तुकड्यांत.

शेवटचा रकाना दादाच्या आग्रहानं. तो रॉ अधूनमधूनच बघतो, म्हणून त्याला बोलीतले शब्द लिहून दिले. फेस म्हणजे ज्याच्या बाजूनं लोकांनी उभं राहावं तो, हील म्हणजे ज्याच्यावर चिडावं तो. टर्न म्हणजे एकानं दुसरीकडे उडी मारणं. पॉप म्हणजे उसळलेला आवाज, हीट म्हणजे कमावलेला राग. यातला 'कमावलेला' हा शब्द महत्त्वाचा. हीलवर लोक चिडले तर ते त्याचं यश असतं. कंटाळून वाहिनी बदलली तर तो राग कुणाच्याच कामाचा नसतो. प्रश्नावलीत हा फरक सुटला होता. 'खोल'चे दोन भाग केले: 'कंटाळा आला' आणि 'चूक वाटलं'.

१९ जानेवारी

पहिली उत्तरं आली. त्यातले बरेच प्रसंग रॉवर घडलेलेच नाहीत.

मॉन्ट्रियल तिघांनी लिहिलंय. ब्रेट हार्टला न सांगता निकाल फिरवला तो प्रकार ९ नोव्हेंबर १९९७ चा, सर्व्हायव्हर सिरीजमधला. मॅनकाइंड, म्हणजे मिक फोली, पिंजऱ्याच्या माथ्यावरून खाली टेबलावर पडला तो २८ जून १९९८ ला, पिट्सबर्गच्या किंग ऑफ द रिंगमध्ये. दोन्ही पैसे भरून बघायचे वेगळे कार्यक्रम.

वगळायला निघाले होते, पण दादानं थांबवलं. त्याचं म्हणणं बरोबर होतं: लोकांनी हे प्रसंग रॉमध्ये दाखवलेल्या तुकड्यांतून पाहिले, आणि त्यांचा अर्थही रॉनंच लावून दिला. मॉन्ट्रियलनंतर आठवडाभरानं रॉवर कंपनीचा मालक व्हिन्स मॅकमॅनची मुलाखत लागली आणि "ब्रेटचा घात ब्रेटनंच केला" हे त्याचं म्हणणं तिथं आलं. पुढची कितीतरी वर्षं चाललेला 'दुष्ट मालक' त्या मुलाखतीत जन्माला आला असं मामा म्हणतात, आणि मला ते पटतं. म्हणून या प्रसंगांचं वेगळं पान केलं: 'रॉवर घडलं नाही, रॉवर कळलं'.

२६ जानेवारी

मामांकडे दुपारभर बसले. आतापर्यंतची सर्वांत चांगली नोंद.

त्यांचा उंच क्षण ४ जानेवारी १९९९ चा. तेव्हा सोमवारी रात्री दोन कार्यक्रम समोरासमोर लागत: डब्ल्यूडब्ल्यूएफचं (आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईचं) रॉ आणि प्रतिस्पर्धी कंपनी डब्ल्यूसीडब्ल्यूचं नायट्रो. १९९६ ते ९८ या काळात नायट्रोनं रॉला सलग ८३ आठवडे मागे टाकलं होतं. ती मालिका एप्रिल ९८ मध्ये तुटली आणि त्यानंतर सगळं तराजूत होतं. रॉ एक आठवडा थेट असायचं आणि पुढच्या आठवड्याचा भाग आधीच चित्रित केलेला असायचा. ४ जानेवारीचा भाग २९ डिसेंबरलाच वूस्टरमध्ये चित्रित झाला होता. नायट्रो मात्र थेट चालू होतं, त्यामुळे त्यांच्या समालोचकानं आपल्या प्रेक्षकांना आधीच सांगून टाकलं की तिकडे मिक फोली किताब जिंकणार आहे, आणि वर टोमणा मारला की यानं खूप खुर्च्या भरतील.

लोकांनी ते ऐकलं आणि फोलीला जिंकताना बघायला वाहिनी बदलली.

"निकाल फुटला होता, तरी गेले," मामा म्हणाले. "फुटला म्हणूनच गेले, हे लिही."

फोली देखणा नव्हता, पिळदारही नव्हता. मॅनकाइंडचा चामडी मुखवटा, तुटलेले दात, फाटलेला कान. वर्षानुवर्षं दुसऱ्यांना मोठं करण्यासाठी तो मार खात आला होता. त्या रात्री स्टीव्ह ऑस्टिनच्या प्रवेशाच्या संगीतातला काच फुटल्याचा पहिला आवाज आल्याबरोबर सभागृहाचा जो आवाज झाला, तो मामांनी मला पुन्हा लावून दाखवला. ऑस्टिननं फोलीच्या प्रतिस्पर्ध्याला, रॉकला, खुर्ची हाणली, फोलीला त्याच्यावर टाकलं, पंचाच्या तीन थापा पडल्या आणि फोली जिंकला. मामांचे डोळे आजही भरतात. पुढे लोक फलक घेऊन यायला लागले की 'मिक फोलीमुळे मी या खुर्चीत बसलोय'.

आणि त्याच रात्री नायट्रोवर, अटलांटाच्या जॉर्जिया डोममध्ये, भरगच्च गर्दीसमोर होगननं केविन नॅशच्या छातीला एक बोट लावलं. नॅश आडवा झाला, किताब गेला. लोकांना मोठी लढत मिळेल असं सांगून बोलावलं होतं. एकाच रात्री एका वाहिनीवर निकाल माहीत असूनही लोक जिंकले आणि दुसऱ्या वाहिनीवर निकाल माहीत नसूनही ठकले गेले. २६ मार्च २००१ ला नायट्रोचा शेवटचा भाग लागला. मामांच्या मते त्याची सुरुवात त्या एका बोटात आहे. कंपनी बुडण्याची कारणं पैशांची, मालकीची, वाहिनीच्या धोरणाची होती, हे मी त्यांना म्हटलं. ते म्हणाले, "ती बुडण्याची. मी आमचं मन उडालं त्याचं सांगतोय."

हे वाक्य तसंच्या तसं 'कारण' रकान्यात घातलंय.

२ फेब्रुवारी

'कंटाळा आला' भागात एकच तक्रार पुन्हा पुन्हा: तीन तास. २३ जुलै २०१२ ला हजारावा भाग झाला आणि तेव्हापासून रॉ कायमचं तीन तासांचं झालं. तिसऱ्या तासात तेच दोघं पुन्हा लढतात, तोच पराभव पुढच्या आठवड्यात उलटा होतो, कुणाचंच वजन उरत नाही.

जाहिरातीचंही कारण आहे. विश्रांती आली की कुणीतरी कुणाची मान आवळून बसतं, कॅमेरा परतला की लढत पुन्हा उठते. हा ताल एकदा ओळखीचा झाला की जाहिरातीआधीच्या उडीची भीती वाटेनाशी होते, कारण त्या उडीनं काही संपणार नाही हे कळलेलं असतं. एका मैत्रिणीनं लिहिलंय, "मी लढती बघत नव्हते, घड्याळ बघत होते." नेटफ्लिक्सवर तीन तासांची सक्ती सुटली आहे. याचा परिणाम वर्षभरानं विचारावा लागेल.

९ फेब्रुवारी

आलेखाचा पहिला कच्चा नमुना आज मोडीत काढला.

दादानं एक रेघ काढली होती: १९९३ पासून आजपर्यंत, वरखाली जाणारी. २५ जून २००७ वर येऊन ती अडली. त्या एका तारखेला दोन माणसांनी 'उंच' लिहिलंय आणि चौघांनी 'खोल'. दादाला वाटलं माझ्या नोंदीत चूक झाली. मी दोघांनाही फोन केला. चूक नव्हती.

त्या सोमवारी रॉ टेक्ससच्या कॉर्पस क्रिस्टीमध्ये होतं. दोन आठवड्यांपूर्वी, ११ जूनच्या भागात, मॅकमॅनच्या लिमोझिनचा स्फोट दाखवून तो मेल्याचं कथानक सुरू झालेलं, आणि त्या रात्री त्याची खोटी शोकसभा व्हायची होती. मग बातमी आली की क्रिस बेन्वा, त्याची पत्नी आणि सात वर्षांचा मुलगा त्यांच्या जॉर्जियातल्या घरी मृतावस्थेत सापडले. कंपनीनं प्रेक्षकांना परत पाठवलं. मॅकमॅन रिकाम्या सभागृहात रिंगमध्ये उभा राहिला, आपलं खोटं मरण बाजूला ठेवलं, आणि तीन तास बेन्वाच्या गाजलेल्या लढती आणि सहकाऱ्यांच्या आठवणी दाखवल्या गेल्या. प्रसारण संपत आलं तसा पोलीस तपासाचा रोख बाहेर यायला लागला: बेन्वानंच बायको-मुलाला मारलं होतं आणि मग स्वतःचा जीव घेतला होता. दुसऱ्या दिवशी ईसीडब्ल्यू या कंपनीच्याच दुसऱ्या कार्यक्रमाच्या सुरुवातीला मॅकमॅननं सांगितलं की या घटनेनं ज्यांचं आयुष्य बदललं त्यांच्यासाठी आजचा कार्यक्रम आहे, बेन्वाचं नाव निघणार नाही.

ज्यांनी 'उंच' लिहिलं त्यातला एक तेव्हा तेरा वर्षांचा होता. तो म्हणाला, "त्या रात्री मी रडलो, आणि ते रडणं खरं होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा मला ती रात्र आठवली. दुसरा दिवस मी मुद्दाम आठवला नाही." मग बराच वेळ थांबून म्हणाला, "आता 'खोल' लिहा."

मी त्याला सांगितलं की मी काही खोडणार नाही.

यावरून कळलं की आमच्या प्रश्नावलीतच खोट आहे. भागाची तारीख आम्ही विचारली, मताची तारीख विचारलीच नाही. त्या रात्रीचं मत आणि आजचं मत एकाच माणसाचं असून वेगळं असतं, आणि दोन्ही खरी असतात. एका रेघेत ती मावणार नाहीत. दादानं कागद उलटा केला आणि म्हणाला, "प्रत्येक प्रसंगाला दोन ठिपके देऊ. एक तेव्हाचा, एक आत्ताचा. मधे दोरा."

आलेख असाच होणार.

११ फेब्रुवारी

नवे रकाने: 'तेव्हाचं मत', 'आजचं मत', 'मत दिल्याची तारीख'. सगळ्यांना पुन्हा विचारायला घेतलं. दोघं कंटाळून गळाले.

आणखी एक बारीक दुरुस्ती: रॉ तिकडे सोमवारी रात्री लागतं तेव्हा आपल्याकडे मंगळवार उजाडलेला असतो. काहींनी मंगळवारची तारीख लिहिली होती. सगळ्या सोमवारच्या केल्या.

१६ फेब्रुवारी

दोन ठिपक्यांची पद्धत जुन्या प्रसंगांवर लावून पाहिली. दोरा सर्वांत लांब कुठे होतो ते शोधत होतो.

सीएम पंक, २७ जून २०११, लास वेगास. मंचाच्या वरच्या टोकाला मांडी घालून बसला आणि मालकांवर, मालकांच्या घरच्यांवर, बढती कुणाला मिळते त्यावर बोलत सुटला. शेवटी माईक बंद पडला. त्या रात्री खरं काय आणि लिहिलेलं काय हे कुणालाच सांगता येईना. 'तेव्हा' सगळ्यांनी अगदी वर. 'आज'चा ठिपका बऱ्याच जणांनी खाली आणलाय आणि कारण जवळपास सारखं आहे. १७ जुलैला शिकागोजवळ मनी इन द बँक या खास कार्यक्रमात तो किताब घेऊन निघून गेला. 'कंपनीबाहेर गेलेला विजेता' ही केवढी मोठी गोष्ट हाती होती! २५ जुलैच्या रॉवर तो परत आला. आठ दिवसांत. माझाही ठिपका खाली आहे. ते भाषण कमी झालेलं नाही. भाषणानं जे कबूल केलं ते पुढे पाळलं गेलं नाही, आणि त्याचा भार भाषणावर पडला.

रोमन रेन्सचं उलटं. ३ एप्रिल २०१७ ला, आदल्या रात्री अंडरटेकरला हरवून तो ओरलँडोच्या रॉमध्ये आला. लोकांनी कितीतरी मिनिटं तोंड उघडू दिलं नाही. तो नुसता उभा राहिला, माईक उचलला की आवाज वाढायचा, मग त्यानं एकच वाक्य टाकलं, हे अंगण आता माझं आहे, आणि माईक टाकून गेला. तेव्हा अनेकांनी हे 'चूक वाटलं'मध्ये लिहिलं असतं, कारण कंपनी नको असलेला नायक गळी उतरवत होती. आज तोच प्रसंग उंच धरणारे पुष्कळ आहेत. त्यातल्या एकाचं कारण फार आवडलं: "त्यानं आमचा राग पूर्ण ऐकून घेतला."

दीड वर्षानं, २२ ऑक्टोबर २०१८ ला प्रॉव्हिडन्समध्ये, त्याच माणसानं आपलं खरं नाव सांगितलं, अकरा वर्षं रक्ताच्या कर्करोगासोबत जगतोय आणि तो परत आलाय हे सांगितलं, आणि किताब रिंगमध्ये ठेवला. हुर्यो करणाऱ्या गळ्यांमधूनच त्याच्या नावाचे आभार उमटले. हा ठिपका 'तेव्हा' आणि 'आज' एकाच जागी आहे. मात्र त्याच भागाच्या शेवटी डीन अँब्रोजनं मित्र सेथ रॉलिन्सवर हल्ला केला, आणि त्या खऱ्या दुःखाचा कथानकासाठी वापर झाला असं काहींना आजही टोचतं. मलाही टोचतं. एकाच भागात दोन ओळी कराव्या लागल्या.

२३ फेब्रुवारी

आज दहा वर्षं झाली म्हणून ही नोंद मुद्दाम आज.

२३ फेब्रुवारी २०१५ च्या रॉवर चौघींची जोडीजोडीची लढत होती: बेला भगिनी विरुद्ध पेज आणि एमा. अर्ध्या मिनिटात संपली. तीन तासांच्या कार्यक्रमात चार बायकांना तीस सेकंद. त्या रात्री चाहत्यांनी 'बायकांना संधी द्या' अशी हाक दिली आणि ती दिवसेंदिवस थांबली नाही. मी तेव्हा तो भाग बघत होते, आणि अंगातलं बळ गेल्यासारखं वाटलं होतं. लढत वाईट असती तरी चाललं असतं. ती झालीच नव्हती.

१३ जुलै २०१५ ला शार्लट, बेकी लिंच आणि साशा बँक्स एकाच भागात रॉवर आल्या. १२ नोव्हेंबर २०१८ ला गर्दीतल्या मारामारीत बेकीचं नाक फुटलं, आणि रक्तानं माखलेल्या चेहऱ्यानं हात पसरून ती प्रेक्षकांत उभी राहिली, ते चित्र कुणी लिहून आणलेलं नव्हतं. ७ एप्रिल २०१९ ला रेसलमेनियाची, म्हणजे कंपनीच्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या कार्यक्रमाची, शेवटची लढत पहिल्यांदा बायकांची झाली.

आमच्या नोंदीत त्या तीस सेकंदांचा 'आज'चा ठिपका वर सरकलाय. दोघींनी लिहिलंय, "त्या रात्रीमुळेच पुढचं झालं." मी माझा वर सरकवला नाही. पुढे जे झालं ते त्या चाहत्यांनी आणि त्या कुस्तीगीर बायकांनी मिळवलं, त्याचं श्रेय त्या अर्ध्या मिनिटाला मी देणार नाही. दादा म्हणाला, "मग तुझी ओळ तशीच राहू दे." राहिली.

२ मार्च, सकाळी

थोडं थांबून लिहिते, हात थरथरतोय.

टोरंटोच्या एलिमिनेशन चेंबर या खास कार्यक्रमात वर्षानुवर्षं फेस असलेला जॉन सीना हील झाला. चेंबरची पिंजऱ्यातली लढत जिंकला, तेव्हाचा विजेता कोडी ऱ्होड्सला मिठी मारली, रॉकनं गळ्यावरून अंगठा फिरवला, आणि मिठीतल्या सीनाचा चेहरा बदलला. वीसेक वर्षं ज्याचा टर्न मागून मागून लोक थकले, तो निवृत्तीच्या वर्षात झाला.

हा भाग रॉचा नाही, पण आमच्या पद्धतीची खरी परीक्षा इथेच आहे. आजवर 'तेव्हाचं मत' आठवणीतून यायचं, आणि आठवण सरळ नसते. यावेळी 'तेव्हा' म्हणजे आत्ता. तासाभरात मत द्या, असं सगळ्यांना कळवलं.

दुपारी: सगळी उत्तरं अगदी वरच्या टोकाला. मावसभावाचं "आयुष्यातलं सर्वांत भारी". मामांचं एकच वाक्य आलं: "चेहरा चांगला बदलला, आता पुढे काय ते बघू."

१८ मार्च

ब्रसेल्सच्या रॉमध्ये सीना टर्ननंतर पहिल्यांदा बोलला. त्यानं लोकांनाच आरोपी केलं: पंचवीस वर्षं तुम्ही मला हिणवलंत, आता मी तुमच्यासाठी काही करणार नाही. सभागृह त्याच्या प्रत्येक शब्दाला भिडत होतं. ठिपके अजून वरच.

मावशीनं पहिल्यांदाच एक भाग पूर्ण पाहिला आणि म्हणाली, "हा माणूस एवढा चिडलाय तर लोक गाणं म्हणून त्याला उत्तर का देतायत?" तिला समजावता समजावता मलाच नीट दिसलं की गर्दी हे इथलं तिसरं पात्र आहे. १६ मार्च २०२० चा भाग तिला दाखवला, साथीतला, रिकाम्या जागेत ऑस्टिन एकटा बोलतोय. त्याची प्रत्येक जागा ओळखीची, फक्त समोरून येणारा आवाज नाही. नंतर पडद्यांवर चाहत्यांचे चेहरे लावून वर्षभर काम चालवलं. लढती वाईट नव्हत्या. तरी त्या सबंध काळातला एकही प्रसंग आमच्याकडे कुणी 'उंच' म्हणून पाठवलेला नाही.

६ एप्रिल

डॅनियल ब्रायनसाठी एक संपूर्ण पट्टी द्यावी लागेल, ठिपक्यांत तो मावत नाही.

१ एप्रिल २०१२ ला रेसलमेनियात तो शेमसकडून १८ सेकंदांत हरला. अपमान म्हणून केलेली गोष्ट. दुसऱ्या रात्री मायामीच्या रॉमध्ये लोकांनी भागभर त्याची 'येस' ही आरोळी उचलून धरली. ९ डिसेंबर २०१३ ला त्याच्या प्रांतात, सिअॅटलमध्ये, मोठमोठे माजी विजेते रिंगमध्ये उभे असताना लोकांनी त्याच्या नावाशिवाय दुसरं काही ऐकून घेतलं नाही. १० मार्च २०१४ ला मेम्फिसमध्ये त्यानं चाहत्यांसारखे कपडे घातलेल्या माणसांनी रिंग भरून टाकली. ६ एप्रिलला तो रेसलमेनियाच्या शेवटच्या लढतीत जिंकला. आणि ८ फेब्रुवारी २०१६ ला, पुन्हा सिअॅटलमध्ये, डोक्याच्या दुखापतींमुळे त्यानं निवृत्ती सांगितली.

मी ज्या 'पटवण्या'बद्दल जानेवारीत लिहिलं होतं, ते इथे उलट दिशेनं झालं: लोकांनी कंपनीला पटवलं. उत्तर देणाऱ्या सगळ्यांत याच्याबद्दल मतभेद नाही. फक्त 'उंच' नेमकं कुठे यावर आहे. एकीला विजय उंच वाटतो, एकाला १८ सेकंदांनंतरची रात्र. मला निवृत्तीची रात्र. तो रडत होता आणि तरी एकेका गोष्टीसाठी आपण किती कृतज्ञ आहोत ते सांगत होता. २०१८ मध्ये त्याला पुन्हा लढायची परवानगी मिळाली, म्हणून त्या निवृत्तीचा अर्थ कमी झाला असं कुणी म्हणू नये.

२२ एप्रिल

लास वेगासच्या रेसलमेनियात सीना कोडीला हरवून जिंकला, सतरावा किताब. विक्रम झाला. रॉक आलाच नाही. ज्याच्या इशाऱ्यावर सगळं सुरू झालं तो शेवटी नाही, आणि लढतीत एक रॅपर येऊन गेला. सोमवारच्या रॉवर सीनाचं बोलणं झालं, रँडी ऑर्टननं त्याला आडवा केला, पण रॉकबद्दलचा प्रश्न तसाच राहिला.

२ मार्चच्या सगळ्यांना पुन्हा विचारलं. ठिपके घसरले. सर्वांत जास्त घसरला तो मावसभावाचा. सात आठवड्यांत 'आयुष्यातलं सर्वांत भारी'वरून मधल्या रेषेच्या खाली. तो खरोखर दुखावलाय. त्याला म्हटलं, मार्चची खूण पुसायची का? "नको. तेव्हा वाटलं होतं ना."

२५ जुलै

काल हल्क होगन गेला. ७ जानेवारीच्या हुर्योचा ठिपका या वहीतला पहिला. मावसभावाला विचारलं, बदलायचंय? तो म्हणाला, नाही, लोकांना बोलायचा हक्क होता, तो आजही आहे. मामांना आज विचारलं नाही. नंतर त्यांनीच फोन केला आणि ऐंशीच्या दशकातली एक लढत अर्धा तास सांगितली. शेवटी म्हणाले, "तो वाईट बोलला होता, हेही लिही. दोन्ही लिही."

२९ जुलै

रॉची सुरुवात होगनच्या श्रद्धांजलीनं झाली. यावरची मतं लगेच घेत नाही. २५ जून २००७ नंतर श्रद्धांजलीच्या भागाचं मत त्याच रात्री मागायचं नाही, असं दादानं आणि मी ठरवलंय. ओवेन हार्टच्या वेळीही असंच: २३ मे १९९९ ला कॅन्सस सिटीमध्ये छतावरून उतरताना तो पडून गेला आणि कार्यक्रम पुढे चालू राहिला, हे आमच्या वहीतलं सर्वांत खोल. दुसऱ्या दिवशीचं सेंट लुईसचं रॉ, जिथे कथानक बाजूला ठेवून एकेक सहकारी त्याच्याबद्दल बोलला, हे पुष्कळांचं सर्वांत उंच. मामांनी ते दोन्ही एकाच ओळीत लिहायला सांगितलंय.

४ ऑगस्ट

समरस्लॅममध्ये सीना कोडीकडून हरला. त्याआधी दोनच दिवस त्यानं हीलपण सोडलं होतं. लढत विलक्षण झाली. मार्चपासूनच्या वाटचालीबद्दल सगळ्यांकडून तिसरी खूण घेतली. बहुतेकांची थोडी वर चढली. मावसभावानं मात्र चौथी चौकटही मागितली, डिसेंबरमध्ये सीना शेवटची लढत लढेल तेव्हासाठी. दादानं आलेखाच्या उजव्या बाजूला बोटभर जागा वाढवून दिली.

मामांची खूण अजून आलेली नाही. त्यांना मार्चपासूनचं सगळं पुन्हा एकदा ओळीनं बघायचंय. त्यांच्या नावापुढचा रकाना मोकळा ठेवलाय, आणि पेन्सिल वहीतच.